चक्रीच्या मेजाखालचा नवस

विघ्ने दूर करणाऱ्या श्रीगजाननास आणि प्रवरेच्या तीरी नांदणाऱ्या जगदंबेस साष्टांग नमस्कार करून हे लिहावयास घेतले आहे. निमित्त असे की आज पौष शुद्ध पौर्णिमा. आमच्या घरी या तिथीला देवाचा नैवेद्य झाला म्हणजे आमटी-भाताचे एक पान कुत्र्यासाठी अंगणात नेतात, आणि आमटीत मीठ पडले आहे ना, हे स्वयंपाकघरात विचारून घेतल्याशिवाय ते पान उचलत नाहीत. यंदा नव्या नातसुनेने विचारले की हा आचार कोणत्या ग्रंथात सांगितला आहे. वैश्वदेवात श्वानासाठी बळी सांगितला आहे. मिठाची चौकशी मात्र मला कोणत्याही ग्रंथात आढळली नाही. ती आमच्या आत्याने घालून दिली. म्हणून तिची हकीकत जशी घडली तशी लिहून ठेवतो.

दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हाची गोष्ट. आम्ही राहात्यास राहत होतो. मी तेथील शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि चातुर्मासात देवळात पुराण सांगत असे. घरात मी, माझी पत्नी आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, अशी तीनच माणसे होती. आत्याला फार लहान वयात वैधव्य आले होते. लाल आलवण नेसून पहाटेपासून दुपारपर्यंत ती सोवळ्यात असे, आणि तिचे सोवळे माझ्या सोवळ्यापेक्षा कडक होते. मी तिच्या वाटेत आलो तर ती थांबत नसे, मीच बाजूला होत असे.

अशा घरात एक कुत्रा आला. तो जळाऊ लाकडांच्या गाडीखालून चालत आमच्या दारापर्यंत पोहोचला, आणि गाडी रिकामी होऊन निघून गेली तेव्हा एकटाच अंगणात उरला. अंगाने मांजराहून थोडा मोठा, रंगाने भिजलेल्या गव्हासारखा. त्याचे दोन्ही कान आपापल्या मर्जीने पडलेले असत. आत्याने त्याच्याकडे पाहून सांगितले की हा पाहुणा आहे, चार दिवसांनी जाईल, तोवर त्याला पळसाच्या पानावर भात वाढावा. तो गेला नाही. पाहुणा हेच त्याचे नाव झाले, आणि आत्या नियमाची पक्की असल्याने पाहुण्यांविषयी बोलावे तसेच, आदरार्थी, त्याच्याविषयी बोलू लागली. पाहुणे जेवले का, पाहुणे कोठे दिसत नाहीत, असे ती रोज विचारी. त्याला स्पर्श मात्र तिने कधी केला नाही. भाताचे पान ती दुरून काठीने पुढे सारी.

पाहुण्याचा स्वभाव अतिशय संकोची होता. देवघरातली घंटा वाजली की तो धान्याच्या कणगीमागे जाई. पिंपळाचे पान पडले तरी जाई. एकदा रात्री चोर आल्याचा गलबला झाला, तेव्हा तो माझ्या पत्नीच्या पाठीमागे उभा होता आणि माझी पत्नी माझ्या पाठीमागे. भुंकताना त्याला कोणी ऐकले नव्हते. उघडे अंगण ओलांडणे त्याला जमतच नसे. गाय पाणी पिण्यासाठी हौदाकडे निघाली म्हणजे तो तिच्या पोटाखाली शिरे आणि तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकीत पलीकडे जाई. येतानाही गायीची वाट पाही. गायीला ते चालत असे.

भाद्रपदात तो आजारी पडला. उंदरांसाठी कोणीतरी ठेवलेले काहीतरी त्याच्या पोटात गेले असावे. दोन दिवस तो कणगीमागे पडून राहिला आणि पाणीही प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्नान करून देवांपुढे बसली, हातावर पाणी घेतले आणि नवस बोलली.

येथे आमच्या भागातील एक रीत सांगितली पाहिजे. प्रवरेच्या काठी एका गावी देवीचे मोठे स्थान आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी आजही माझ्या ओळखीची आहेत. त्या परिसरातले शेतकरी दुखणाईत बैलासाठी तेथील देवीला नवस बोलतात. बैल बरा झाला म्हणजे पौषी पौर्णिमेच्या जत्रेत त्याला नदीवर धुतात, देवळाचा गुरव त्याच्या खुरांना ओली हळद लावतो, आणि तेथून देवळापुढच्या दीपमाळेपर्यंत त्याने स्वतःच्या पायांनी चालत जायचे असते. वाटेत तो बसला तर पुन्हा नदीवर नेऊन हळद लावून पहिल्यापासून निघावे लागते. दीपमाळेशी गुरव त्याचे खूर उचलून पाहतो. हळदीवर वाटेची धूळ बसलेली असली म्हणजे नवस फिटला. आत्याचे माहेर शेतीवाडीचे, म्हणजे आमचेच. जनावराचा नवस म्हणून तिने लहानपणापासून हा एवढाच ऐकला होता. तोच तिने शब्दाला शब्द बोलला. पाहुणे बरे होऊ देत, चालत्या पायांनी तुझ्या दीपमाळेला आणीन, आणि ते होईपर्यंत अळणी खाईन, असे म्हणून तिने पाणी सोडले.

मी देवघराच्या दाराशी उभा होतो. पाणी ताम्हनात पडले तेव्हा माझ्या मनात आले की बैल घंटेला भीत नाही. पण संकल्प झाला होता, आणि सोडलेले पाणी परत घेण्याचा विधी मला ठाऊक नाही.

पाहुणा त्याच संध्याकाळी उठला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत कणगीमागे जाऊ लागला. देवीने आपले काम फार त्वरेने केले. जत्रेला मात्र चार महिने होते. एक वेळ जेवण हा आत्याचा वैधव्यापासूनचाच नियम होता. त्यात आता मीठ गेले. आश्विनात तिचा आवाज बारीक झाला. मार्गशीर्षात आडावर पाणी ओढताना तिला घेरी आली आणि दोर हातातून सुटला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, आणि बाहेर येऊन मला सांगितले की या वयात शरीर असे चालत नाही, मीठ पोटात गेले पाहिजे. ही थंडी कशीबशी निघेल, पण अशाच राहिल्या तर पुढची दिसायची नाही. मी आत जाऊन आत्याला विनविले.

"मीठ कुठं पळून जातंय?" ती म्हणाली. "पौर्णिमेला पाहुण्यांना घेऊन जा. आल्यावर खाईन."

"आणि नाही चालला तर?"

"तर पुढच्या वर्षी पौर्णिमेला जा."

पुढच्या थंडीविषयी वैद्यबुवा काय म्हणाले हे तिला मी सांगितले नाही. मला वाटते, तिने ते माजघरातून ऐकलेच होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पाहुण्याला झाकणाच्या टोपलीत घालून निघालो. त्या काळी पेट्रोल मिळत नसे, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत. मागे एक भट्टी बसवलेली असे आणि चढ आला की क्लीनर उतरून ती सळईने ढवळी. प्रत्येक ढवळणीला टोपली माझ्या मांडीवर थरथरे. कंडक्टरने टोपलीत कोंबडी आहे का असे विचारले. शेंडी, उपरणे आणि भस्म धारण केलेल्या माणसाला हा प्रश्न त्याने का विचारावा, हे मला कळले नाही. कुत्रा आहे असे मी सांगितले. त्याने कान लावून ऐकले, काहीच आवाज आला नाही, तेव्हा तो मला म्हणाला की महाराज, असली तर असू द्या कोंबडी, मी कुनाला सांगत न्हाई.

कोल्हारला उतरून पुढे नदीच्या कडेने बैलगाडीने जत्रेचे गाव गाठले. त्या गावच्या पंचांनी मला जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच्या सप्तशतीच्या पाठासाठी आधीच बोलावले होते, त्यामुळे धर्मशाळेत माझी व्यवस्था होती. पहाटे नदीवर स्नानसंध्या आटोपली आणि उजाडल्यावर जत्रा पाहिली.

नदीपासून देवळापर्यंत एकच वाट होती. पूर्वी मी आलो होतो तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना पेढे-बत्ताशांची आणि बांगड्यांची दुकाने होती. युद्धामुळे साखरेवर नियंत्रण आले आणि हलवाई येईनासे झाले. नशिबावर कोणाचे नियंत्रण नव्हते. हलवायांच्या सगळ्या जागा जुगाराच्या तंबूंनी घेतल्या होत्या. नदीपासून दीपमाळेपर्यंत कापडाचे एक नगरच वसले होते. तेथे चक्र्या होत्या, सोंगट्या होत्या, तीन पत्ते होते, कड्या फेकण्याचे आणि चिठ्ठ्या ओढण्याचे सोरट होते. दिव्यांना घासलेट मिळत नसल्याने सारा व्यवहार दिवसाढवळ्या चालला होता. नगरच्या छावणीतून रजेवर आलेले शिपाई, राहुरीचे बागाइतदार, मनमाडकडचे रेल्वेतले लोक, सर्व तेथे होते आणि सर्व एकाच वेळी बोलत होते. प्रत्येक तंबूपुढे एक ढोल होता. एका ठिकाणी कर्णा लावलेला फोनोही होता. देवळाची घंटा मधूनमधून ऐकू येई, पण ती कोणाकडे लक्ष वेधते आहे असे वाटत नसे.

घाटावर गुरव हळदीची वाटी घेऊन बसला होता. माझ्यापुढे नवसाचे बैल आणि गायी उभ्या होत्या. माझी पाळी आल्यावर मी टोपलीचे झाकण काढले. गुरवाने आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"बैल कुठाय?" त्याने विचारले.

मी नवसाचे शब्द सांगितले. त्यात बैल असा शब्द नाही, चालते पाय एवढेच आहे, हे त्याने मान्य केले आणि पाहुण्याच्या चारही पंजांना व्यवस्थित हळद लावली. एवढे करताना पाहुण्याने डोळे मिटून घेतले होते. मी त्याच्या गळ्यात सुताची दोरी बांधली, जगदंबेचे स्मरण केले आणि निघालो.

पहिल्या तंबूपर्यंत तो माझ्या धोतराला चिकटून आला. तेथे ढोल वाजला. दोरी एकदम सैल पडली, आणि पाहतो तो पाहुणा एका चक्रीच्या मेजाखाली. मेज शिसवी आणि भक्कम होते, त्यावर आडवी चक्री बसवली होती आणि मेजाभोवती जमिनीपर्यंत लाल कापड सोडले होते. मेजाच्या कडेला सभोवार छत्री, हत्ती, कमळ, पतंग, घोडा आणि सूर्य अशी चित्रे रंगवली होती. लोक चित्रावर पैसे लावत आणि चक्रीचा काटा कोणत्या चित्रावर थांबतो ते पाहत. मी पुढून कापड उचलून आत पाहिले. पाहुणा पलीकडच्या कापडाकडे तोंड करून बसला होता. बसला म्हणजे पुन्हा नदीवर जाणे आले.

गुरवाने पुन्हा हळद लावली. आम्ही पुन्हा निघालो. पाहुणा पुन्हा त्याच मेजाखाली गेला. या वेळी ढोल वाजण्याची वाट न पाहता, घरी जावे तसा सरळ गेला. त्यानंतरही तसेच झाले. सकाळ सरली. गुरवाने हळदीची दुसरी वाटी कालवली.

इकडे चक्रीपाशी एक निराळाच प्रकार सुरू झाला होता. पाहुणा आत बसला की त्याचे शेपूट कापडाखालून बाहेर राही, आणि ते नेमके छत्रीच्या चित्राखाली येई. एका शिपायाने सहज छत्रीवर पैसे लावले आणि काटा छत्रीवर थांबला. दुसऱ्या खेपेलाही थांबला. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले की भस्म लावलेले शास्त्रीबुवा हळद लावलेला कुत्रा पुन्हा पुन्हा येथेच आणतात, याला काहीतरी अर्थ असला पाहिजे. कुत्रा हे भैरवाचे वाहन. दत्तापुढेही कुत्रेच असतात. बघता बघता सारी गर्दी त्या मेजाभोवती लोटली. एका म्हाताऱ्याने शेपटाजवळ कुंकू वाहिले. मी लोकांना समजावून सांगितले की हा देवाचा कौल नव्हे, हा प्राणी केवळ भित्रा आहे, आणि जुगाराच्या कामी दैवी संकेत मानणे शास्त्राला मान्य नाही. शास्त्राचे नाव काढल्यामुळे त्यांची खात्रीच पटली. छत्रीवर पैशांची रास पडली, आणि त्या खेपेलाही काटा छत्रीवरच आला.

चक्रीवाला मिशाळ, धिप्पाड आणि बोलण्यात अतिशय मऊ माणूस होता. घाम पुसत तो माझ्यापाशी आला.

"महाराज, कुत्रं तुमचं हाय का?"

"माझ्या आत्याचे आहे."

"मग आत्याबाईंस्नी म्हनावं, लई झाली सेवा. आता बाजूच्या टेबलाखाली बसवा. त्यो बी माजाच भाऊबंद हाय."

मी त्याला नवस सांगितला. आत्याचे अळणी जेवण सांगितले, वैद्यबुवांचे म्हणणे सांगितले, आणि आज सूर्यास्तापूर्वी हा प्राणी दीपमाळेला पोहोचला नाही तर पुढची पौर्णिमा कोणासाठी उजाडेल हे मला ठाऊक नाही, हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग त्याने शेपटाकडे पाहिले आणि नि:श्वास सोडला. बहुधा तो दोन्ही गोष्टींबद्दल होता.

मी पाहुण्याला घेऊन घाटावर परतलो आणि पायरीवर बसलो. सूर्य कलला होता. घरी आत्या देवापुढे बसली असेल आणि पत्नीने तिच्यासाठी निराळ्या पातेलीत अळणी आमटी शिजवली असेल, हे मला दिसत होते. तेवढ्यात एका शेतकऱ्याची नवसाची गाय पाण्यातून वर आली. तिचे वासरू ओले होऊन तिच्या पोटाखाली उभे होते. मला आमचे अंगण आठवले. मी त्या शेतकऱ्याला विनंती केली की आपली गाय या कुत्र्याच्या वरून चालवावी. त्याने मला नम्रपणे सांगितले की गाय कुत्र्याला लाथ मारते, आणि ब्राह्मणालाही मारील, तिला कळत न्हाई.

तेव्हा मला उरलेला एकच उपाय दिसला. मी तडक चक्रीवाल्याकडे गेलो आणि त्याला म्हणालो की हे मेज उचलून दीपमाळेपर्यंत हळूहळू चालवावे, म्हणजे कुत्रा त्याखालून चालत येईल.

त्याने मेजावर हात ठेवला. "माज्या चक्रीची वरात काढायची म्हनता?"

"नवस फेडायचा आहे."

"आन धंदा?"

"सकाळपासून धंदा कसा आहे?"

त्याने छत्रीच्या चित्राकडे पाहिले. मग त्याने आपल्या भागीदाराला हाक मारली आणि म्हणाला, "उचला."

वाटेवरच्या तंबूंना चक्रीवाल्याने निरोप धाडला, आणि मेज पोहोचेपर्यंत ढोल बंद ठेवण्याचे त्यांनी कबूल केले. कापड वर चुण्या घालून जमिनीपासून वीतभर उंच बांधले, म्हणजे आत सावली राहील आणि पाय अडकणार नाहीत. मेज घाटावर नेले. एक पाय चक्रीवाल्याने धरला, दुसरा भागीदाराने, तिसरा त्या पहिल्या शिपायाने. छत्रीने त्याचे बरे केले होते आणि तो उपकार जाणणारा मनुष्य होता.

"चवथा कोन?" चक्रीवाल्याने विचारले.

बाकीच्या सर्वांच्या मुठीत पैसे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उपरणे कमरेला बांधले आणि चौथा पाय धरला.

गुरवाने पाहुण्याच्या पंजांना अखेरची हळद लावली. पाहुणा मेजाखाली गेला. आम्ही एक पाऊल टाकले. मी खाली वाकून पाहिले: कापडाखाली चार पिवळे पंजे दिसत होते, आणि त्यांनीही एक पाऊल टाकले होते. आम्ही आणखी चाललो, तेही चालले. घरी गायीबरोबर जसे चालायचे तसेच, घाई नाही की खोळंबा नाही.

अशा रीतीने ते मेज देवीकडे निघाले. वाटेतले खाचखळगे आले म्हणजे वरची चक्री आपोआप फिरे. लोक तिच्यामागून चालू लागले, आणि चालता चालता छत्रीवर पैसे ठेवू लागले. चालत्या चक्रीवर डाव धरत नाही असे चक्रीवाल्याने बजावले. तेव्हा चक्री देवळाशी जिथे थांबेल तिथे हा एकच डाव, असे सर्वांनी आपसांत ठरविले. पत्त्यांच्या तंबूतले लोकही उठून आले. मेज जड होते. मी मनात देवीचा नवार्ण मंत्र म्हणत होतो. त्या मेजाच्या संगतीत तो म्हणावा की नाही याचा निर्णय करण्यास ती वेळ योग्य नव्हती.

अर्ध्या वाटेवर ज्या पंचांनी मला पाठासाठी बोलावले होते ते दोघे समोर आले. त्यांच्यातले थोरले थांबले.

"शास्त्रीबुवा, आपण?"

"नवस आहे," मी म्हणालो. मेज थांबवता येत नव्हते. थांबलो असतो तर पाहुणा बसला असता.

"टेबलाचा?"

"टेबलाखालच्याचा."

ते वाकले. त्यांनी पिवळे पंजे पाहिले. मग ते सरळ झाले, उपरणे सावरले आणि वाट दिली. पुढील वर्षी त्या गावी पाठाला दुसरे शास्त्री आले. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दीपमाळेपाशी आम्ही मेज जमिनीला टेकविले. त्या धक्क्याने चक्री एकदा फिरली आणि थांबली. सर्व गर्दी तिच्यावर वाकली. काटा कमळावर होता. चक्रीवाल्याने आधी मेजावरचे पैसे गोळा केले, मग पागोटे काढून कळसाकडे पाहत हात जोडले. त्या दिवशी त्या देवळात इतक्या मनापासून हात जोडणारा मी दुसरा पाहिला नाही. शिपाई म्हणाला की शेपूट आत गेल्यावर छत्रीवर लावायलाच नको होते, ते आपल्याला आधीच कळायला पाहिजे होते.

मी कापड उचलले. पाहुणा उभा होता. बसलेला नव्हता. देवळाची घंटा वाजली तसा तो माझ्या दोन पायांमध्ये आला आणि तेथे मान खाली घालून राहिला. त्याचे तोंड देवीकडे होते. ते योगायोगाने होते की कसे, हे मी सांगू शकत नाही. गुरवाने त्याचे पंजे एकेक करून उचलले, उन्हाकडे धरून पाहिले, आणि चारी पंजांच्या हळदीवर धूळ आहे असे मोठ्याने सांगितले. नारळ फुटला. गुरवाने त्याच्या कपाळाला कुंकू लावले. त्याने डोळे मिटून ते लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी पाठ उरकून मी परत निघालो आणि राहात्यास संध्याकाळी पोहोचलो. आत्या पडवीत जपमाळ घेऊन भिंतीला टेकून बसली होती. पूर्वी ती कधी टेकून बसत नसे. त्या दिवशी ती माझ्यासाठी जेवायची थांबली होती, म्हणून अजून सोवळ्यातच होती. मी टोपली तिच्यासमोर, तिच्या सोवळ्यापासून दूर ठेवली आणि प्रसादाचे खोबरे पुढे केले. तिने ते घेतले नाही.

"स्वतःच्या पायांनी गेले?"

"हो."

"कुणी उचललं नाही?"

"नाही."

"वाटेत बसले नाहीत?"

"अखेरच्या खेपेला नाही."

तिने एक मणी ओढला. "एवढ्या गर्दीतून गेले कसे?"

पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. आत्याने प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण द्यावे लागे; ते आमच्या घरचे वळणच होते. मी चक्री सांगितली, मेज सांगितले, छत्री आणि कमळ सांगितले, चौथा पाय कोणी धरला हेही सांगितले. आत्याने जपमाळ थांबविली नव्हती. मी बोलायचे थांबलो तेव्हा मणीही थांबले. जुगाराच्या मेजाखालून गेलेला नवस देवीला पोहोचतो की नाही, एवढेच आता ठरायचे होते, आणि ते ठरविण्याचा अधिकार माझा नव्हता. पाणी तिने सोडले होते.

"पाय बघू," ती म्हणाली.

मी टोपलीचे झाकण काढले. पाहुणा उठून बाहेर आला आणि उघड्या पडवीतून, वर कोणी गाय नसताना, तिच्यापर्यंत चालत गेला. आत्याने आपल्या हातांनी त्याचा पुढचा पंजा धरला. इतक्या दिवसांत तिने त्याला प्रथमच स्पर्श केला होता. तिने पंजा उलटा केला, दिव्याशी नेला. हळद केसांत मुरलेली होती आणि तिच्यावर वाटेची धूळ होती. तिने दुसरा पंजा पाहिला. चारी पाहिले. मग ते सगळे जागच्या जागी ठेवावेत तसे तिने हळूच खाली ठेवले.

"टेबल देवळापर्यंत नेलंस ना?"

"दीपमाळेपर्यंत नेले."

"बरं केलंस. त्या मिशीवाल्याला एरवी कुठलं दर्शन घडायला." ती भिंतीला हात लावून उठली. "मी अंघोळ करून येते. सूनबाई, आमटीत मीठ घाल."

ती स्नान करून आली तोवर पत्नीने पान वाढले होते. आत्याने प्रथम आमटी-भाताचा एक घास काढून पळसाच्या पानावर ठेवला आणि काठी न घेता पाहुण्याच्या पुढे सरकविला. मग स्वतः एक घास घेतला. आम्ही दोघे उभे होतो. तिने तो घास पुरेपूर चावला.

"खारट झाली आहे," ती म्हणाली, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

त्यानंतर तिने पुष्कळ पौर्णिमा पाहिल्या. त्यांतल्या काही पाहुण्यानेही पाहिल्या, बहुतेक कणगीमागून.

हे जो वाचील त्याच्या घरी अन्नाला चव राहो, आणि ते खाणाऱ्या वडीलधाऱ्यांना दीर्घ आयुष्य लाभो. दाराशी आलेला मुका जीव त्या घरातून उपाशी न जावो. आणि प्रवरातीरीची ती माता त्या कुटुंबातील भित्र्यांना डोक्यावर सावली देवो व बाकीच्यांना त्यांच्या पावलाने चालण्याइतका धीर देवो, एवढे मागून लेखणी ठेवतो.